खोपीतून सांगितलेली कहाणी

१९ जुलै १९३७

मागल्या आठवड्यात दादा मलकापूरहून आला तेव्हा ही वही देऊन गेला. म्हणाला, रोज लिहीत जा, सातवीपर्यंत शिकलीस ते वाया जाऊ देऊ नको. दादाचं काय जातं बोलायला. रोज पहाटे जातं, मग विहिरीचं पाणी, मग मळ्यात वांगी-मिरच्या तोडणं, त्यातून पाठ टेकते तेव्हा डोळे मिटलेले असतात. आज मात्र वेळच वेळ आहे. सकाळी मला कावळा शिवला आणि मी खोपीत येऊन बसले.

लग्न होऊन सव्वा वर्ष झालं, पण खोपीचं वर्णन अजून कुठं केलं नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या गोजराकाकूंच्या घराला मिळून ही एकच खोपी आहे, गोठ्याला लागून. गवताचं छप्पर, दोन घोंगड्या, एक माठ, आणि जर्मनची दोन ताटं, ज्यांना दुसरं कोणी हात लावत नाही. दारातून आमचं अख्खं अंगण दिसतं, तुळस दिसते, चुलीचा धूर दिसतो. चार दिवस इथं बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात.

खरं सांगायचं तर मला हे वाईट वाटत नाही. दळण नाही, घागर नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई झुंबरबाई, भाकरी वरून ताटात टाकतात आणि चार पावलं मागं सरकून बोलतात. मोताळ्याच्या अलीकडे-पलीकडे त्यांच्यासारखी कडक बाई नसेल. मागच्या खेपेला माझ्या पदराचा वारा लोणच्याच्या बरणीला लागला असेल या शंकेनं त्यांनी बरणी गाईपुढं रिकामी केली. गाईनं तोंड फिरवलं.

वही आत आणू का, हे मी त्यांना विचारून घेतलं होतं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "कोरी हाय नं? मंग चालते. फक्त तिच्यात देवाचं नाव लिहू नको."

एवढं लिहून मागं पाहिलं तर देव हा शब्द आत्ताच लिहून झाला आहे. असो.

२१ जुलै

काल रुखमाही खोपीत आली. रुखमा म्हणजे गोजराकाकूंची सून, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिची बनी साडेचार वर्षांची आहे, ती दिवसभर कुंपणाच्या पलीकडून "माय, शिवू का? माय, आता शिवू का?" असं विचारत असते. रुखमा नाही म्हणते, मग बनी एका पायावर उड्या मारत जाते आणि थोड्या वेळानं परत येते.

आम्ही दोघी दिवसभर वाती सोडून सगळं करतो. गोधडी शिवतो, उवा काढतो, हसतो. रुखमाचा आवाज गोड आहे, पण ओवीत विठ्ठल आला की ती तेवढा शब्द गिळते आणि पुढं गाते. मी म्हटलं, शब्द गिळलास तरी मनात तर आलाच ना. ती म्हणाली की मनातलं चालतं, मनाला हात नसतात. मला हे पटलं आणि नाहीही पटलं. महिन्याचे चार दिवस देव माझ्यापासून लांब राहतो की मीच त्याच्यापासून, हे मला अजून कळलेलं नाही. आणि चार दिवस लांब राहून पाचव्या दिवशी तो लगेच ओळखतो कसा?

रुखमाला मी विचारलं की तुझ्या सासूबाईही आमच्या आत्याबाईंइतक्याच कडक का. ती म्हणाली, कडक काय विचारतेस, त्यांचं तर गावात नाव आहे. एकोणीस वर्षांमागं मानमोडीच्या तापाच्या साथीत माणसं पटापट मरत होती, घरोघरी आजारी, तरी आमच्या सासूबाई त्यांचे चार दिवस मोडून खोपीबाहेर आल्या नाहीत. अजून बाया त्यांचं उदाहरण देतात. रुखमानं हे अभिमानानं सांगितलं आणि मग गोधडीचा धागा दातानं तोडला.

२ ऑगस्ट

आज घरात मोठी बातमी. आत्याबाईंचं बाहेर बसणं थांबून दोन वर्षं झाली, म्हणून यंदा भाद्रपदात त्या ऋषिपंचमीचं उद्यापन करणार. वर्षभर त्या दिवसांत चुकून कुठं हात लागला असेल, तर त्याचा दोष फिटावा म्हणून बाया हे व्रत करतात. त्यांनी हे वीस वर्षांच्या जवळपास केलं आहे. आता शेवटचं. सात बाया जेवायला, मोताळ्याचे भटजी पूजेला, सगळं रीतसर.

त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. म्हणून आत्याबाईंनी मळ्याच्या कोपऱ्यात कुदळीनं स्वतः वाफा खणला आहे. भेंडी, लाल माठ, दोडका. पाणीही मोटेचं नाही, ते मी घागरीनं घालायचं. मामंजी हसून म्हणाले की बैलाऐवजी सून जुंपली. आत्याबाई हसल्या नाहीत. मी हसले आणि मग पदर तोंडाला लावला.

मामंजींनी बाजारातून ऋषिपंचमीच्या कहाणीचं लहानसं पुस्तक आणलं. भटजी घाईघाईत सांगतात, मधलं गाळतात, म्हणून आत्याबाईंना ती आधी नीट ऐकायची होती. मी दुपारी ओसरीवर बसून वाचली. एक बाई त्या दिवसांत घरातली भांडीकुंडी शिवायची. त्या दोषानं ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल झाला, तेही आपल्याच लेकाच्या घरी. लेकानं बापाचं श्राद्ध मांडलं, खीर केली. सापानं त्या खिरीत गरळ टाकलं. ते कुत्रीनं पाहिलं. माणसं मरतील म्हणून तिनं सगळ्यांदेखत खिरीत तोंड घातलं. सुनेनं जळकं लाकूड घेऊन तिचं कंबरडं मोडलं.

इथं आत्याबाई म्हणाल्या, "थांब."

मी थांबले. त्यांच्या हातात शेंगा होत्या, त्या सोलायच्या राहिल्या होत्या.

"हे पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं की तिनं तोंड घातलं म्हणूनच माणसं वाचली ना. मी म्हटलं, हो. मग तिला मारलं काऊन, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सुनेला कुठं माहीत होतं. त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या, म्हणून मी पुढचं वाचून टाकलं. शेवट चांगला आहे, दोघं सुटतात.

६ ऑगस्ट

आज पाचव्यांदा कहाणी. पाचव्यांदा खिरीपाशी थांबा. आत्याबाईंना ऐकायला कमी येऊ लागलं की काय, म्हणून मी आज मोठ्यानं वाचलं. त्या म्हणाल्या, "ओरडू नको, मले ऐकू येते."

भेंडीची दोन बोटांएवढी रोपं आली.

१७ ऑगस्ट

पुन्हा खोपीत. कालपासून. आज गोजराकाकूंचा शिव्यांचा पाऊस झाला आणि तो माझ्यावर झाला.

झालं असं की मी दारात बसून केस विंचरत होते. काकू घागर घेऊन जात होत्या आणि माझी सावली लांब पडली होती. मला सावलीचं काय कळणार, सूर्य मी थोडाच हलवते. काकूंनी घागर तिथंच उपडी केली आणि बोलायला लागल्या. आत्याबाई अंगणात मिरच्या निवडत होत्या. काकू त्यांना म्हणाल्या की तुझ्या घरात पहिल्यापासून ढिलं आहे, सुनेला तरी लाव शिस्त.

"मानमोडीच्या साली याच घरात काय झालं ते मले माहीत हाय, झुंबरे..." एवढं म्हणून काकू थांबल्या. आत्याबाईंनी मान वर केली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, चांगल्या दहा-वीस मिरच्या निवडून होतील इतका वेळ. मग काकूंनी रिकामी घागर उचलली आणि परत विहिरीकडं गेल्या. बाकीचं बोलणं बहुतेक विसरल्या.

संध्याकाळी हे, म्हणजे माझे यजमान निवृत्ती, कुंपणापाशी बिडी ओढायला आले. चार दिवसांत आमचं बोलणं असंच होतं, मी आत, ते बाहेर, मधे गाय. मी विचारलं की मानमोडीत या घरात काय झालं. ते म्हणाले की मी चार वर्षांचा होतो, मला ताप होता, सगळं घर अंथरुणावर होतं, आणि त्यातच आजी गेली. यांना एवढंच आठवतं की आईची मांडी ओली होती आणि ती यांच्या तोंडात पाणी घालत होती. "पण लोकं म्हणतात माय तेव्हा खोपीत होती. म्हणजे ते सपनच असन." मीही म्हटलं, तापात माणसाला काहीही दिसतं. मला लहानपणी गोवर आला तेव्हा छतावर रेल्वे दिसली होती.

७ सप्टेंबर

आज दुपारी निरोप आला आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. भटजींच्या सुनेला मुलगा झाला. त्यांना सोयर आलं, दहा दिवस ते पूजा सांगू शकत नाहीत. दुसरे भटजी पंचमीला शेगावला जातात, ते आधीच निघाले. रुखमा माझ्या कानात म्हणाली, "घे, भटजीबी बाहेरचे झाले." मी इतकी हसले की मला ठसका लागला, आणि आत्याबाईंनी पाणी दिलं.

मामंजी म्हणाले की भटजींवाचून काही अडत नाही, सात सुपाऱ्या मांडा, हात जोडा. आत्याबाई बराच वेळ वाफ्याकडं पाहत बसल्या. मग म्हणाल्या की पूजा मी करते, कहाणी अन्नपूर्णा वाचील. गावात वाचणारी बाई ती एकच आहे.

मी! सात बायांपुढं, गोजराकाकूंपुढं! मी बोटांवर दिवस मोजले. माझे दिवस तेरा तारखेच्या आसपास. पंचमी नऊला. चार दिवस हाती आहेत. आत्याबाईंनी मला विचारलं नाही, पण मी मोजत होते तेव्हा त्या माझ्या बोटांकडं पाहत होत्या.

कहाणी तर आता झोपेत म्हणू शकते. तरी पुस्तकाला आज नवं फडकं गुंडाळलं.

९ सप्टेंबर. ऋषिपंचमी

हे खोपीत बसून लिहिते आहे, यावरून काय झालं ते कळेलच. पण पहिल्यापासून लिहिते, म्हणजे काही राहणार नाही.

उजाडता उजाडता आम्ही विहिरीवर आंघोळीला गेलो. आघाड्याच्या एकशेआठ काड्या आदल्या दिवशीच आणून ठेवल्या होत्या. आत्याबाई मोजून एकेक काडी दातांना लावत होत्या. तेव्हाच मला कळलं. चार दिवस आधी.

खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी झाली होती, हे इथं लिहून ठेवते. गडद जांभळं लुगडं नेसायचं, पटकन कहाणी वाचायची, आणि दुपारी ओरडायचं की आत्ता झालं. कोणाला कळणार होतं? देवाला कळलं असतं, पण देवाशी माझं काय ते मी नंतर पाहिलं असतं. आत्याबाईंची वीस वर्षांची तपश्चर्या माझ्या एका दिवसासाठी मोडू नये, एवढंच डोक्यात होतं. मी आंघोळ केली, जांभळं नेसले. पण आता हातात पुस्तक घ्यायचं, या विचारापाशी अडले. दोष लागला तर तो माझ्या वाट्याला यावा, त्यांच्या उद्यापनाला का?

आत्याबाई म्हणाल्या, "तोंड पांढरं काऊन पडलं वं तुयं?"

मी सांगून टाकलं. रडायलाही लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, घेणारच नव्हत्या. शेहेचाळिसावी की सत्तेचाळिसावी काडी हातात होती, ती त्यांनी दातांना लावली आणि म्हणाल्या, जा, खोपीत बस.

थोड्या वेळानं बाया जमल्या. गोजराकाकू सोवळ्याचं लुगडं नेसून आल्या, त्यांच्या मागं रुखमा. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग आता पुढच्या साली." दुसऱ्या बायाही उठायला लागल्या. आणि आत्याबाई घरात गेल्या, पाट घेऊन बाहेर आल्या आणि तो अंगणात तुळशीपाशी मांडला, खोपीच्या दाराकडं तोंड करून. त्यावर सात सुपाऱ्या सात ऋषींच्या, आठवी अरुंधतीची. कहाणीचं पुस्तक पाटावर ठेवलं, उघडलंसुद्धा नाही.

"अन्नपूर्णे, तुले पाठ हाय नं? तिथूनच सांग."

काकू म्हणाल्या, "विटाळशीच्या तोंडची कहाणी देव ऐकतीन काय?"

आत्याबाई म्हणाल्या, "कहाणी कोनाची हाय, गोजरे? विटाळशीचीच नं?"

एक बाई बसली, मग दुसरी. काकू उभ्याच राहिल्या, पण गेल्या नाहीत.

मी खोपीच्या उंबऱ्याआत, घोंगडीवर बसून सांगायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं पाठ म्हटल्यासारखी म्हटली. नंतर काय झालं मला सांगता येत नाही. पुस्तक हातात नव्हतं, त्यामुळं डोळे मोकळे होते. मला बाया दिसत होत्या, सुपाऱ्या दिसत होत्या, तुळशीच्या मंजिऱ्या वाऱ्यानं हलताना दिसत होत्या. मी देवाचं नाव एकदाही गिळलं नाही. घरातल्या देव्हाऱ्यासमोर बसून मी जेवढी त्याच्याजवळ कधी नव्हते, तेवढी गोठ्याला लागून असलेल्या त्या खोपीत होते. हे मी कोणाला सांगणार नाही. वहीला सांगितलं.

खिरीपाशी आले. कुत्रीनं तोंड घातलं, असं मी म्हटलं आणि सवयीनं थांबले. आत्याबाईंनी हातात अक्षता घेतल्या होत्या. इथं मला वाटलं त्या "पुन्हा सांग" म्हणतील. त्या म्हणाल्या:

"आजवर जे शिवलं, कळत शिवलं, नकळत शिवलं, त्या साऱ्याची मी माफी मागते. एक सोडून."

बाया त्यांच्याकडं पाहायला लागल्या.

मग त्यांनी सांगितलं. मोठ्यानं नाही, रोज भाजीचं बोलतात तसं. मानमोडीच्या साली त्या खोपीत होत्या, दुसरा दिवस होता. घरात सासू, नवरा, पोरगा, सगळे तापानं फणफणलेले, पाणी द्यायला कोणी नाही. निवृत्ती आतून हाका मारत होता. आधी मोठ्यानं मारत होता, मग हळू, मग हाक येईना. "आमी दोघी होतो खोपीत, मी अन् गोजरा. मी उठली. आत गेली, त्याले मांडीवर घेतलं, ओलं लुगडं डोक्यावर ठेवलं, तोंडात पाणी घातलं. चुलीले शिवली, माठाले शिवली, साऱ्याले शिवली. तिसऱ्या दिवशी सासू गेली. पोरगं वाचलं." मग म्हणाल्या, "सासू माझ्या शिवण्यानं गेली का तापानं, मले आजवर उमजलं नाही. वीस वर्सं त्याच्यासाठी पंचमी केली. पण पोराले शिवली, त्याची माफी मी मागत नाही. देवानं कुत्री केलं तरी चालीन."

मला तेव्हा यांनी सांगितलेली आईची ओली मांडी आठवली. म्हणजे ते स्वप्न नव्हतं. मी इतके दिवस खिरीपाशी मोठ्यानं वाचत होते, मूर्खासारखी.

सगळ्या बाया गोजराकाकूंकडं पाहत होत्या. मला वाटलं आता काकू उठून जाणार, आणि गावभर सांगणार. काकू म्हणाल्या, "तुयी सासू तापानं गेली. त्या आठोड्यात या गावात सत्रा माणसं गेली. साऱ्याईले का तू शिवली होती?" त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खरखरीत होता. मग त्या खाली बसल्या, अक्षता घेतल्या आणि पाटावर वाहिल्या. धूप त्यांच्याच बाजूला जात होता, त्यांचे डोळे फार चुरचुरले. बराच वेळ पदरानं पुसत होत्या. रुखमानं धूप सरकवला, तरी थांबेना.

आत्याबाई मला म्हणाल्या, "सांग पुढं."

मी पुढचं सांगितलं. दोघं सुटली. बायांनी देवभात, म्हणजे नांगराशिवाय आपोआप उगवलेल्या धानाचा भात, आणि कुदळीच्या वाफ्यातली भाजी खाल्ली. मलाही ताटात वरून टाकली. भेंडी थोडी जून झाली होती, पण मी कोणाला बोलले नाही.

१२ सप्टेंबर

अजून खोपीत, उद्या घरात. गावात बोलणं झालंच. कोणी म्हणतं झुंबरबाईनं धर्म बुडवला, कोणी म्हणतं बरं केलं. मामंजी म्हणाले की ज्याला धर्म बुडालेला वाटतो त्यानं तो आमच्या विहिरीतून काढावा. हे, म्हणजे माझे यजमान, दोन दिवस आईशी काही बोलले नाहीत. आज सकाळी त्यांनी आईच्या हातातली घागर घेतली आणि स्वतः वाफ्याला पाणी घातलं. वाफ्यातली भाजी तर संपली आहे. तरी घातलं.

मी आत्याबाईंना कुंपणातून म्हटलं की गोजराकाकू पंचमीला बऱ्या वागल्या, मला भीती वाटत होती. आत्याबाई म्हणाल्या, "तिले काही बोलू नको तू. सावलीवरून शिव्या देल्या तरी बोलू नको. तिलेबी पोरगी होती."

याचा इथं काय संबंध, मला कळलं नाही. रुखमाला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की तिची एक मोठी नणंद होती, पाच वर्षांची, मानमोडीतच गेली. काकू तिचं नाव घेत नाहीत. घरात तिची एक लहान परकर-चोळी आहे, ती कोणाला देत नाहीत. किती घरांतून किती लेकरं गेली असतील त्या साली, देव जाणे.

हे लिहिताना पुन्हा देव आला. आता मी खोडणार नाही.

८ ऑक्टोबर

पंचमीनंतर खोपी बंद होईल असं मला मनातून वाटत होतं, ते काही झालं नाही. माझे दिवस आले, आत्याबाईंनी "बस" म्हटलं, मी बसले. एक फरक झाला. भाकरी वरून न टाकता ताटात ठेवतात आणि म्हणतात, "घरात कोनी बिमार पडलं तर विचारत बसू नको. आत ये." मी म्हटलं बरं. तेवढ्यावर आमचं भागतं.

नवरात्र चालू आहे. दोन्ही घरी घट बसले आहेत. गोजराकाकूंच्या घरचा घट म्हणजे विचारूच नका, त्यांच्या ओसरीवरून कुत्रंसुद्धा पाय उचलून जातं. नवरात्रात विटाळशीच्या अंगावरचा वारा नको म्हणून त्यांनी खोपीच्या आणि घराच्या मधे बांबूच्या तट्ट्या बांधून घेतल्या. रुखमा परवापासून माझ्याबरोबर आहे.

काल सकाळपासून बनीची हाक नव्हती. "माय, शिवू का" नाही, उड्या नाहीत. दुपारी कळलं की तिला ताप भरला. रुखमा उठबस करायला लागली. तट्ट्यांच्या फटीला डोळा लावून उभी राही, मग बसे, मग पुन्हा उभी राही. मी म्हटलं, जा ना. ती म्हणाली, "घट हाय. सासूबाई काय म्हणतीन?" मी म्हटलं, आमच्या आत्याबाईंना हाक मारू का. ती नको म्हणाली. आतून बनीचं रडणं येत होतं, मग ते बारीक झालं.

आणि मग एक तट्टी बाजूला सरली. काकूच आल्या. नवरात्राचं लुगडं नेसलेलं, कपाळाला घटाचं कुंकू, आणि खांद्यावर बनी. सरळ खोपीत आल्या, आमच्या घोंगडीवर पाय ठेवून. बनीला रुखमाच्या मांडीवर ठेवलं.

"घे," म्हणाल्या. "तुलेच मांगून राह्यली."

रुखमा घाबरून म्हणाली की सासूबाई, तुम्ही शिवल्या, घट आहे. काकूंनी काही ऐकलं नाही. माठातलं पाणी घेतलं, त्याच माठातलं, आपल्या पदराचं टोक भिजवलं आणि बनीच्या कपाळावर धरलं. मग खोपीच्या दारातच बसल्या, पाठ कुडाला टेकून, दोन्ही हात बनीच्या पायांवर ठेवून. आत्याबाई अंगणात आल्या, काकूंना पाहिलं, काही न बोलता तुळशीचा काढा करून आणला आणि काकूंच्या शेजारी बसल्या. चौघी आम्ही त्या एवढ्याशा खोपीत, बनी पाचवी. दिवेलागणीला बनीला घाम फुटला. ताप उतरला.

बनी जागी झाली आणि आजीला इथं बसलेली पाहून चकित झाली. तिनं विचारलं, "आजी, तू बाहेरची झाली का?"

काकू म्हणाल्या, "हाव."

मग उठल्या आणि घटाला माळ घालायला सरळ घरात गेल्या. एवढ्या कडक काकू, पण काल गडबडीत आंघोळ करायची विसरल्या बहुतेक. मी आठवण करून द्यायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी माझा हात दाबला.